गावात स्वच्छ पाणी आल्यावर आजार कमी होण्यापलीकडे काही बदलतं का?

हो, खूप बदलतं. माझ्या मते सगळ्यात आधी बदलतो तो बायका-मुलींचा दिवस.

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. माणशी रोज 20 लिटर धरलं, तरी पाच जणांच्या घराला रोज 100 किलो ओझं वाहावं लागतं. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने दिलेल्या अहवालानुसार, जिथे घरात पाणी येत नाही अशा दहांपैकी सात घरांत हे ओझं बायका आणि मुलीच वाहतात. पाणी दारात आलं की मुलगी वेळेवर शाळेत पोचते आणि तिच्या आईला शेतासाठी, तान्ह्या बाळासाठी किंवा नुसतं बसायला तासभर मिळतो. हा तासभर कुठल्याच हिशेबात धरला जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

अंतराचा संबंध आजारांशीही आहे. पाणी लांबून आणायचं असेल तर माणूस ते पुरवून वापरतो, आणि पहिली काटकसर होते हात-तोंड धुण्यात. खरूज, डोळ्यांच्या खुपऱ्या आणि बरेचसे जुलाब त्यातूनच पसरतात. त्यामुळे पाणी शुद्ध असून भागत नाही, ते पुरेसंही लागतं. लहान मुलाला वारंवार जुलाब झाले की खाल्लेलं अंगी लागत नाही आणि त्याची वाढ खुंटते. नारूचं, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून शरीरात शिरणाऱ्या लांब जंताच्या रोगाचं, उदाहरण तर मला फार आशा देतं. या रोगावर ना लस आहे, ना औषध. तरीही 1986 मध्ये जगात अंदाजे 35 लाख रुग्ण होते, ते 2023 मध्ये 14 वर आले. पाणी कापडातून गाळून पिणं, रोग्याला तळ्यात उतरू न देणं, सुरक्षित पाण्याची सोय करणं, अशा साध्या उपायांचा त्यात मोठा वाटा आहे.

मात्र नितळ दिसणारं पाणी शुद्ध असेलच असं नाही. बांगलादेशात तळ्यातल्या जंतूंपासून सुटका व्हावी म्हणून लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या आणि 1990 च्या दशकात कळलं की त्यांतल्या कितीतरींच्या पाण्यात आर्सेनिक नावाचं विष आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तपासणीशिवाय ते कळतच नाही. शिवाय नळाला चांगलं आलेलं पाणी घरातल्या उघड्या भांड्यात हात बुडवल्यानेही दूषित होतं, म्हणून झाकण आणि ओगराळं हवंच.

एखाद्या गावात योजना पूर्ण झाली असं ऐकलं की मी आधी विचारतो, पंप बिघडला तर दुरुस्त कोण करतं आणि त्याचे पैसे कुठून येतात? ते ठरलेलं नसेल, तर पंप बंद पडेल त्या दिवशी बायका पुन्हा जुन्या पाणवठ्याची वाट धरतात. पाणी समितीत त्यांना खरा अधिकार असेल तर दुरुस्ती सहसा रेंगाळत नाही, असं माझं मत आहे, कारण नळ कोरडा पडल्याचं आधी त्यांनाच कळतं.