धर्माच्या रकान्यात काय लिहू?

तू विचारलंस: ताई, मी नर्स म्हणून जर्मनीला निघालेय, हॉस्पिटल काथलिक संस्थेचं आहे. पत्त्याची नोंदणी करताना धर्म विचारतात म्हणे. चर्चचा कर वाचवायला ‘कोणताही नाही’ लिहिलं तर चालेल का? आणि शेवटी, जाता जाता विचारावं तसं: तिथे श्रद्धा टिकते का?

जर्मन भाषेची परीक्षा, डिग्रीची मान्यता, व्हिसा यावर मी काही सांगणार नाही. ते सरकारी साइटवर आहे आणि तुझा एजंटही रोज फोन करून सांगत असेल. तुझ्या पहिल्या प्रश्नाला दोन ओळी पुरल्या असत्या. दुसऱ्याने माझी झोप घालवली, म्हणून हे लांबणार आहे.

आधी हिशेब. चर्च सभासदांकडून घेतं तो कर पगारावर नसतो, आयकरावर असतो. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आयकराच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९. महिन्याला ४०० युरो आयकर कापला जात असेल तर ३६ युरो चर्चचे. वार्षिक विवरणपत्रात ही रक्कम दाखवली की थोडं परत मिळतं. वसुली सरकारचं कर खातं करतं, त्याचा मोबदला कापून घेतं आणि बाकी चर्चकडे पाठवतं. १९१९ च्या वायमार राज्यघटनेतली ही तरतूद १९४९ च्या घटनेने तशीच ठेवली. एक गैरसमज मात्र काढून टाक: तुझा पगार या करातून होणार नाही. हॉस्पिटल काथलिक असलं तरी ते मुख्यतः आरोग्यविम्याच्या पैशावर चालतं.

आता ‘कोणताही नाही’. स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, झाला की चर्चच्या लेखी तू सभासद, मग तो वसईत झालेला असो की कोलोनमध्ये. शिवाय तुझी नोकरी चर्चच्या संस्थेत. तिथे कामगार कायद्याच्या जोडीला चर्चचे स्वतःचे नियम असतात. घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलं म्हणून ड्युसेलडॉर्फच्या एका काथलिक हॉस्पिटलने मुख्य डॉक्टरला २००९ मध्ये काढलं होतं. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१९ मध्ये डॉक्टर जिंकला. २०२२ मध्ये बिशपांनी नियम सैल केले, आता कोणाच्या संसारात नाक खुपसत नाहीत. पण चर्च सोडलं तर अजूनही नोकरी जाऊ शकते. मी इथे जर्मनीत काम करते त्या चर्चच्या वृद्धाश्रमात माझ्या पाळीत एक मुस्लिम सहकारी आहे, कुठलाच धर्म न मानणारा एक जण आहे. त्यांच्याबद्दल कोणाची काही तक्रार नाही. जो आत होता आणि उठून गेला, त्याचा मात्र राग.

माझा नवरा असाच उठून गेला. सप्टेंबर २०१८ मध्ये मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांबद्दल बिशपांनीच नेमलेल्या संशोधकांचा अहवाल फुल्दा इथे जाहीर झाला. १९४६ ते २०१४ या काळातल्या धर्मगुरूंच्या फायली तपासल्या होत्या. ३,६७७ मुलं, आरोप असलेले १,६७० धर्मगुरू, आणि हे फक्त फायलींत सापडलेले. नवरा लहानपणी वेदीसेवक होता. त्याने अहवालाच्या बातम्या दोनदा वाचल्या आणि आमच्या राज्यातल्या रीतीप्रमाणे कोर्टात अर्ज केला. ओळखपत्र, सही, ३० युरो. वाहन परवान्याच्या खिडकीवर जेवढं बोलणं होतं तेवढंसुद्धा झालं नाही. नंतर धर्मग्रामाचं पत्र आलं: बिशपांच्या २०१२ च्या फर्मानानुसार यापुढे पापनिवेदन नाही, ख्रिस्तप्रसाद (वेदीपाशी मिळणारी पवित्र भाकर) नाही, कुणाचा धर्मपिता होता येणार नाही, मेल्यावर ख्रिस्ती अंत्यविधीही नाकारला जाऊ शकतो. पत्राच्या शेवटी, भेटायला या, दार उघडं आहे.

एकटा तोच गेला असंही नाही. २०२२ या एका वर्षात ५,२२,८२१ लोकांनी काथलिक चर्च सोडलं. कोलोनमध्ये तर त्याच्या आदल्या वर्षी कोर्टाला अपॉइंटमेंट वाढवाव्या लागल्या होत्या.

कागदांचं सांगते, कारण ते अजून डोक्यात आहे. आम्ही शहर बदललं आणि त्याच्या पगारातून चर्चचा कर पुन्हा सुरू. कर खातं म्हणे नोंदणी कार्यालयाला विचारा, ते म्हणे कोर्टाला, कोर्ट म्हणे दाखला तर दिला होता. दाखला बॅगेत होता, बॅग माळ्यावर. पुढे-मागे तू कधी सोडलंस तर तो कागद पासपोर्टजवळ ठेव, आयुष्यभर.

मग मुलीची शाळा. आमच्या राज्यात सरकारी पैशावर चालणाऱ्या काथलिक प्राथमिक शाळा आहेत आणि जागा कमी असल्या की काथलिक मुलांना आधी घेतात. शाळेने स्नानसंस्काराचा दाखला मागितला, मी दिला, जागा मिळाली. आमच्याच जिन्यातली तिची मैत्रीण, वडील इराणचे, हिला मिळाली नाही. ती बसने लांबच्या शाळेत जायला लागली. मुलीने विचारलं, ती का नाही? मी सांगितलं, शाळा भरली होती. खोटं नव्हतं. तरी ते उत्तर आजही माझ्या घशात अडकलेलं आहे. त्या शाळेच्या भिंतीवर येशू लहान मुलांना जवळ बोलावतानाचं चित्र होतं, आणि मी ते चार वर्षं रोज बघितलं.

तिसरीत तिचा पहिला ख्रिस्तप्रसाद झाला. पांढरे फ्रॉक, मेणबत्त्या. आमची अख्खी रांग उठून वेदीपाशी गेली, बाप बाकावर बसून राहिला. त्याला कोणी अडवलं नव्हतं. नियम माहीत होता म्हणून बसला.

तेव्हापासून मी फादरांना, आणि फादर नसतील तेव्हा भिंतीला, एकच विचारते. वेदीवरचा माणूस पापी असला तरी संस्कार खरा, कारण कृपा देवाची असते, त्या माणसाची नसते, हे चर्चच आपल्याला शिकवतं. सोळाशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टिन दोनातिस्तांशी, म्हणजे पापी धर्मगुरूचा संस्कार खोटा मानणाऱ्या पंथाशी, यावरूनच भांडला. म्हणजे त्या अहवालातल्या धर्मगुरूंनी दिलेला ख्रिस्तप्रसादही खरा धरायचा. बरं, धरला. त्यांच्या पापाने कृपा अडली नाही, मग माझ्या नवऱ्याच्या ३६ युरोंनी कशी अडली? एका फादरांनी शांतपणे समजावलं, प्रश्न पैशाचा नाही, तुमचा नवरा सार्वजनिकपणे समाजापासून तुटला याचा आहे. उत्तर वाईट नाही. पण हे तुटणं मोजलं जातं ते कर खात्याच्या नोंदीवर. वर्षानुवर्षं मिस्साला, रविवारच्या उपासनेला, न फिरकणारा पण कर भरणारा आत, आणि दर रविवारी मागच्या बाकावर बसणारा माझा नवरा बाहेर.

३१ ऑक्टोबर १९९९ ला याच देशात, आउग्सबुर्गमध्ये, काथलिक आणि लूथरन चर्चने मिळून सही केली की माणूस स्वतःच्या पुण्याईने नव्हे, केवळ कृपेने देवाला स्वीकार होतो. याच वादावरून ख्रिस्ती युरोप दुभंगला होता. सही झाली. कर दोघेही घेतात.

आमच्याकडे एक आजी होत्या, चर्च सोडून अनेक वर्षं झालेल्या. शेवटच्या आठवड्यात रात्रपाळीला त्यांनी मला ‘प्रभूची प्रार्थना’ म्हणायला सांगितली. मला जर्मनमधून पूर्ण येईना, मी मराठीत म्हटली, त्या त्यांच्या भाषेत. मी ते चार्टवर लिहिलं नाही. लिहायला रकानाच नाही. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे, आणि ते पुरेसं आहे की नाही हे मला रोज वेगळं वाटतं.

एकटेपणाचंही सांगते. असतो. नोव्हेंबरात जास्त. जाड जॅकेट इथे आल्यावर घे, तिकडचं उपयोगाचं नाही. मोठ्या शहरांत मलयाळी लोकांची मिस्सा असते. १९६० च्या दशकात केरळच्या मुली चर्चमार्फतच इथे नर्स म्हणून आल्या, त्यामुळे त्यांचा समाज जुना आणि घट्ट आहे. इंग्रजी मिस्साही मिळेल. मराठी मिळणार नाही.

मी अजून सभासद आहे. श्रद्धेमुळे, असं सांगायला आवडलं असतं. नोकरी आहे, मुलगी आहे, आणि वृद्धाश्रमातल्या त्या म्हाताऱ्या सिस्टर आहेत, ज्यांनी मी आजारी असताना माझ्या पाळ्या केल्या. त्यांच्यातला आणि बिशपांच्या कचेरीतला संबंध मला लावता येत नाही, तोडताही येत नाही.

तू रकान्यात रोमन काथलिक लिही. तुझी नोकरी त्यावर आहे आणि खोट्याने सुरुवात नको. पहिली पगाराची स्लिप आली की चर्चच्या कराची ओळ बघ, राज्याप्रमाणे ८ की ९ टक्के कापलेत ते ताड. हे सगळं वाचून नवरा म्हणतोय, तिला माझंही मत कळव: ‘कोणताही नाही’ लिही, नोकरी दुसरी बघ, आणि मिस्साला खुशाल जा, दारात कोणी स्लिप मागत नाही. यावर आमचं भांडण चालू आहे.