लग्नघरातून आलेले प्रश्न: प्लॅनर, मुहूर्त, ताटांचा हिशेब

कार्तिकी एकादशी उलटून तुळशीची लग्ने लागली की मंगल कार्यालयांचे फोन वाजू लागतात आणि आमच्याकडे पत्रे येऊ लागतात. यंदाच्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. लांबलचक पत्रांतला मुद्दा तेवढा ठेवला आहे.

मुलीचे लग्न नाशिकला आहे. दोन्हीकडची मिळून 400 माणसे. एका वेडिंग प्लॅनरने एकूण खर्चाच्या 12 टक्के फी सांगितली. भाऊ म्हणतो, कार्यालयाचा मॅनेजर असतोच की, वेगळा माणूस कशाला? (वधूची आई, नाशिक)

मॅनेजर कार्यालय सांभाळतो. किल्ल्या, वीज, पाणी, झाडलोट आणि ठरल्या वेळी हॉल रिकामा करून घेणे, एवढे त्याचे काम. वऱ्हाडाची बस कुठे अडकली, हार आले का, फेटेवाल्याला कुठली खोली द्यायची, हे त्याच्याकडे नसते. ही कामे आजवर घरातला एखादा काका अंगावर घ्यायचा, आणि मंगलाष्टके चालू असताना तोच फाटकाशी टेम्पोवाल्याशी बोलत उभा असायचा. त्या माणसाला अक्षता टाकायला मांडवात उभे राहता यावे, यासाठी बाहेरचा माणूस घ्यायचा. आमच्या मते ते पैसे योग्य जागी जातात. पण किती मदत घ्यायची, हे आधी ठरवा.

गाव एक, कार्यालय एक आणि जेवण कार्यालयाच्याच केटररचे असेल, तर पूर्ण नियोजन विकत घेऊ नका. हळदीपासून पाठवणीपर्यंतची देखरेख पुरते. या धंद्यात तिला ‘डे कोऑर्डिनेशन’ म्हणतात. हा माणूस तीन-चार आठवडे आधी येतो, सगळ्यांचे फोन नंबर घेतो, कार्यालय एकदा पाहून जातो आणि वेळापत्रक लिहून देतो. 400 माणसांच्या कार्याला तो स्वतः आणि तीन मदतनीस हवेत: एक फाटकाशी, एक गुरुजींजवळ, एक भोजनगृहात. पाहुणे हॉटेलात आणि लग्न लॉनवर, किंवा दोन गावांत दोन समारंभ, असे असेल तेव्हाच पूर्ण नियोजनाचा विचार करा.

टक्केवारीची अडचण साधी आहे: खर्च वाढला की फी वाढते. 20 लाखांच्या कार्यावर 12 टक्के म्हणजे 2,40,000. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की 2,83,200. आयत्या वेळी सजावट 3 लाखांनी वाढली, तर फी आपोआप 36,000 रुपयांनी चढते, काम तेवढेच असूनही. म्हणून ठोक रक्कम मागा. दुसरी गोष्ट कमिशनची. काही प्लॅनर डेकोरेटरकडून, फोटोग्राफरकडून कमिशन घेतात. बाहेरचा डेकोरेटर आणला की बरीच कार्यालयेही त्याच्याकडून ‘रॉयल्टी’ घेतात. हे सगळे शेवटी तुमच्याच बिलात येते. ‘तुम्ही कोणाकडून काय घेता?’ असे सरळ विचारा आणि सगळी बिले तुमच्या नावाने, मूळ दराची मागा. नीट उत्तर न देणाऱ्याला काम देऊ नका.

करारात प्रत्यक्ष कोण हजर राहणार त्याचे नाव, किती वाजेपासून किती वाजेपर्यंत, मदतनीस किती, तो आजारी पडला तर बदली कोण आणि तारीख बदलली तर किती पैसे परत, हे लिहून घ्या. हप्ते 30, 50 आणि 20 टक्के असे ठेवा. शेवटचे 20 टक्के कार्य उरकल्यावर द्या. मोठ्या रकमा बँकेतूनच द्या. एका समारंभापोटी एकाच व्यक्तीकडून 2 लाख किंवा जास्त रोख घेणे आयकर कायद्याला मान्य नाही आणि रोखीचा वाद पुढे कुठे मांडताही येत नाही. कागद हातात असेल तर ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

मुहूर्त 12 वाजून 17 मिनिटांचा आहे. थोरल्या मुलीच्या वेळी तो टळला आणि मनाला फार लागले. या वेळी वेळेवर कसे व्हावे? (वधूपिता, कोल्हापूर)

वेळापत्रक मुहूर्तापासून मागे मोजत या. 12.17 ला अंतरपाट दूर व्हायचा, तर मंगलाष्टके 12 वाजता सुरू झाली पाहिजेत. इथेच पहिली गडबड होते. मावशी, आत्या, मैत्रिणी, प्रत्येकीने स्वतःचे मंगलाष्टक लिहून आणलेले असते आणि एकेकाला दीड-दोन मिनिटे लागतात. गुरुजींची धरून सात-आठ बसतात. गाणाऱ्यांची नावे आदल्या रात्री कागदावर उतरवून गुरुजींकडे द्या. त्यानंतर आलेल्यांना रिसेप्शनला माइक द्या.

वर 11.40 ला मांडवात. वधू 11.15 ला गौरीहरापाशी बसलेली, मामा शेजारी. मामा आयत्या वेळी फेटा बांधायला जातो, तेव्हा त्याला 11 लाच तयार ठेवा. म्हणजे वधूची तयारी 11.10 ला पूर्ण हवी. मेकअप आणि केसांना दोन तास, नऊवारी शालू नेसवायला 30 ते 40 मिनिटे, दागिने आणि मुंडावळ्यांना 15. उलट मोजले तर 8.15 ला सुरुवात.

आता खरी अडचण. मुहूर्त टळतो तो बहुतेक वेळा मेकअपला उशीर झाला म्हणून नाही. त्याच 8.15 ला गुरुजींना पुण्याहवाचनासाठी मुलगी पाटावर हवी असते आणि हे मेकअपवालीला कोणी सांगितलेलेच नसते. मुलगी पाटावरून उठते 9.30 ला, आणि गेलेला सव्वा तास पुढे कुठेच भरून निघत नाही. दोन उपाय आहेत. देवक, पुण्याहवाचन, ग्रहमख आदल्या दिवशी उरकावे. ते जमत नसेल तर मुलीला 5.30 ला उठवून केसांचे काम आधी करावे, विधीला साधी साडी नेसवावी आणि चेहऱ्याचा मेकअप विधींनंतर. पंधरा दिवस आधी गुरुजींना एकच विचारा: ‘कोणत्या विधीला मुलगी लागेल आणि किती मिनिटे?’ ते उत्तर मेकअपवालीला, फोटोग्राफरला आणि देखरेख करणाऱ्याला पाठवा.

मुहूर्तानंतरचा वेळही मोजा. कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी आणि कानपिळी यांना सव्वा तास धरा. 400 माणसे चौघा-चौघांनी भेटायला आली आणि प्रत्येक गटाला 45 सेकंद लागले, तरी 75 मिनिटे होतात. ही रांग होमाच्या आधी लागली की गुरुजींवर ‘आटपा’ म्हणून दडपण येते आणि सप्तपदी घाईत होते. तसे होऊ देऊ नका. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 7 नुसार, ज्या विवाहविधीत सप्तपदी येते तो विवाह सातव्या पावलाला पूर्ण होतो. विधी न करता केवळ कागद केल्याने हिंदू विवाह होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही 2024 मध्ये स्पष्ट सांगितले आहे. ती सात पावले सावकाश पडू द्या, रांग नंतर लावा.

वातानुकूलित हॉल असेल तर होम कुठे करू देतात, हे बुकिंगच्या आधीच विचारा. छताला धुराची सूचना देणारी यंत्रे असतात. काही ठिकाणी होमकुंड गॅलरीत न्यायला लावतात आणि तिथे आजी-आजोबांना बसायला जागा नसते.

केटररने 480 ताटांचे बिल लावले. आमच्या हिशेबाने माणसे 400 च्या वर नव्हती. खोटे कसे पकडायचे? (वाचक, सांगली)

दर वेळी खोटेपणाच असतो असे नाही. केटरर मोजतो ताटे, तुम्ही मोजता माणसे. बुफेमध्ये एकच माणूस भातासाठी नवीन ताट घेतो. मुले ताट घेऊन अर्धे टाकतात. बँडवाले, ड्रायव्हर, फोटोग्राफरची माणसे, सजावटवाले यांचीच 30-40 ताटे होतात. यांचे जेवण कोणत्या दराने, हे आधी ठरवा. साधारणपणे ते कमी दराचे असते.

मोजणी अशी करा. जेवण सुरू होण्याआधी घरचा एक माणूस आणि केटररचा सुपरवायझर मिळून ताटांच्या 50-50 च्या थप्प्या लावतात. प्रत्येक थप्पी चिकटपट्टीने बांधायची. थप्पी फोडली की दोघांनी कागदावर वेळ आणि सही. शेवटी फोडलेल्या थप्प्या गुणिले 50, त्यातून न वापरलेली ताटे वजा. धुतलेली ताटे पुन्हा त्याच टेबलावर येता कामा नयेत. ती आली की मोजणी तिथेच मोडते आणि आकडा तोंडी ठरतो. हा सगळ्यांत जास्त घडणारा प्रकार आहे. म्हणून केटररला पुरेशी ताटे आणायला सांगा आणि उष्ट्या ताटांची जागा वेगळी, शक्यतो मागच्या दाराशी ठेवा. मोजायला बसणाऱ्याचे जेवण आधी होऊ द्या. उपाशी माणूस मध्येच उठतो.

पंगत असेल तर काम सोपे. पंगतीची पाने गुणिले पंगती, त्यातून रिकामी पाने वजा. रिकामी पाने वरण-भात वाढून झाल्यावर, ‘वदनी कवळ घेता’ सुरू होण्याच्या आत मोजा.

हमीचा आकडा, म्हणजे किमान किती ताटांचे पैसे नक्की द्यायचे तो, देतानाही चूक होते. घरे मोजू नका, माणसे मोजा. आठवडाभर आधी फोन करून ‘किती जण येताय?’ विचारा. तीन दिवस आधी आलेल्या होकारांच्या 85 ते 90 टक्के एवढाच हमीचा आकडा द्या आणि वरच्या ताटांचा दर तोच राहील, हे लिहून घ्या. साधारण 10 टक्के जास्तीची तयारी केटररकडे असते, ती आहे ना याची खात्री करा. त्याचा 14 अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांकही बिलावर हवा.

अंदाज बांधायला 100 माणसांचे, नेहमीच्या लग्नाच्या जेवणाचे प्रमाण: मसालेभात आणि साधा भात मिळून तांदूळ 9 ते 10 किलो, वरणाला तूरडाळ अडीच ते तीन किलो, पुऱ्यांची कणीक 7 ते 8 किलो, भाजीला बटाटे 10 ते 12 किलो, जिलबी 10 ते 12 किलो, मठ्ठा 18 ते 20 लिटर. आचारी यापेक्षा फार वेगळे सांगत असेल तर कारण विचारा. मसालेभात एकाच खोल पातेल्यात रचला की खालचा थर वाफेने गिचका होतो, म्हणून दोन-तीन पसरट भांडी बरी. कोशिंबिरीत दही आणि मीठ वाढायच्या वेळीच घालावे, तासभर आधी घातले की तिला पाणी सुटते. उन्हाळ्यात मठ्ठा बर्फावर ठेवून पंगतीपंगतीला थोडा थोडा काढावा.

लॉनवर संगीत आणि डीजे किती वाजेपर्यंत चालतो? (वराचा भाऊ, छत्रपती संभाजीनगर)

उघड्यावर रात्री 10 पर्यंत. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. वर्षात 15 दिवसांपर्यंत 12 ची सवलत असते, पण ते सणउत्सवांचे दिवस सरकार ठरवते, लग्नघर नव्हे. तेव्हा कार्यक्रम 6.30 लाच सुरू करा आणि नाच आधी, भाषणे नंतर असा क्रम ठेवा.

आम्ही दोघे दुबईत नोकरी करतो. पुण्यात लग्नासाठी 16 दिवसांची रजा आहे. प्रमाणपत्र घेऊनच परत जायचे आहे. जमेल का? (वाचक, दुबई)

विशेष विवाह कायदा, 1954 च्या मार्गाने जमणार नाही. त्यात नोटीस देण्याआधी दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिलेला हवा आणि नोटिशीनंतर आणखी 30 दिवस थांबावे लागते. तुम्ही विधिवत लग्न करा आणि राज्याच्या 1998 च्या विवाह नोंदणी कायद्याखाली त्याची नोंद करा. त्यासाठी 90 दिवसांची मुदत असली तरी तुमच्याकडे दिवस मोजके आहेत. म्हणून लग्न रजेच्या पहिल्या चार दिवसांत ठेवा आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातली वेळ आधीच घ्या.

दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, लग्नपत्रिका, विधीचा फोटो, गुरुजींची सही आणि तीन साक्षीदार त्यांच्या ओळखपत्रांसह लागतात. गुरुजींची सही लग्नाच्या दिवशीच फॉर्मवर घ्या, नंतर ते दुसऱ्या गावी असतात. साक्षीदार पुण्यातलेच निवडा. मुंबईहून आलेला मामा दुसऱ्या दिवशी परत गेलेला असतो.

दुबईत हे प्रमाणपत्र चालायला आणखी टप्पे आहेत. संयुक्त अरब अमिराती अपोस्टील करारात (एकाच शिक्क्यावर परदेशी कागद मान्य करण्याच्या) नाही, म्हणून आधी राज्य शासनाचे, मग परराष्ट्र मंत्रालयाचे आणि त्यानंतर अमिरातीच्या दूतावासाचे साक्षांकन लागते. हे 16 दिवसांत बसवायचा हट्ट धरू नका. घरच्या एका माणसाकडे मूळ प्रमाणपत्र ठेवून जा, तो ते काम पुढे नेईल. त्यासाठी क्षेत्रीय कार्यालयातून प्रमाणपत्राच्या दोन जास्तीच्या प्रती मागा.

नावांचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच हवे. पत्रिकेवर लाडाचे नाव छापलेले असते, पासपोर्टवर वेगळे, आणि खिडकीवर फॉर्म परत येतो. सगळ्यांना द्यायची पत्रिका हवी तशी छापा, पण त्याच छापखान्यात दहा साध्या पत्रिका पासपोर्टवरच्या पूर्ण नावांनी, वडिलांच्या नावासह, तारीख आणि कार्यालयाचा पूर्ण पत्ता घालून छापून घ्या.