एसओपी बाबांनी लिहिला, मग शिकायला कोण जाणार?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. मुलगा पुण्यात केमिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, सीजीपीए 7.4. तुमची इच्छा त्याने टेक्सासला पेट्रोलियम इंजिनिअरिंगमध्ये एमएस करावं, कारण तुमचे मेहुणे कुवेतला रिफायनरीत आहेत आणि त्यांचं छान चाललंय. त्यासाठी सिंहगड रोडचा फ्लॅट तारण ठेवून 50 लाखांचं लोन काढायची तयारी आहे. मुलगा म्हणतो, आधी एक वर्ष नोकरी करतो. आणि तुमचा प्रश्न एवढाच की 7.4 वर चांगली युनिव्हर्सिटी मिळेल का.

अहो मिळेल, कुठे ना कुठे मिळेल. मला काळजी त्या 7.4 ची वाटतच नाहीये. तुम्ही सोबत एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचाय हे विद्यार्थ्याने अर्जासोबत सांगायचं निवेदन, जोडलाय आणि वर लिहिलंय, "मीच तयार केलाय, त्याने फक्त सबमिट करायचाय". पहिली ओळ अशी की लहानपणापासून मला तेलविहिरींचं आकर्षण आहे. तिसऱ्या पॅरामध्ये मामाकडून मिळालेली प्रेरणा. पण मुलाने चार वर्षांत काय शिकलं, कुठला प्रोजेक्ट केला, कुठल्या विषयात रमला, यातलं एक अक्षर त्या दोन पानांत नाही, कारण ते तुम्हाला माहीतच नाही. आणि पत्राच्या शेवटी वहिनींनी एक ओळ टाकलीय की हल्ली तो आमच्याबरोबर जेवायला बसत नाही, ताट घेऊन खोलीत जातो. माझ्यासाठी अख्ख्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे.

स्पष्ट बोलतो, राग आला तरी चालेल. भांडणारा मुलगा परवडतो, गप्प झालेला नाही. एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा वाद घालायचं सोडून देतो तेव्हा त्याला पटलेलं नसतं, बोलून उपयोग नाही हे त्याला कळलेलं असतं, आणि अशी मुलं मग परदेशात एकटी, डोक्यावर घराचं कर्ज, अभ्यासात मन नाही, आणि फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणत बसतात. दोन सेमिस्टर हातातून गेल्यावर घरी कळतं. शिवाय एसओपी विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेला असावा अशी युनिव्हर्सिटीची अपेक्षा असते, म्हणजे तुम्ही त्याला पहिल्याच पायरीवर खोटं बोलायला लावताय.

आता तुमचा एक मोठा गैरसमज. मेहुणे रिफायनरीत आहेत म्हणून मुलाने पेट्रोलियम करावं, हा हिशोबच चुकलाय. रिफायनरी म्हणजे जमिनीतून वर आलेल्या क्रूडचं, म्हणजे कच्च्या तेलाचं, पेट्रोल, डिझेल, नाफ्था करणं, आणि ते काम मुख्यतः केमिकल इंजिनिअरचं, म्हणजे तुमचा मुलगा आत्ता जे शिकतोय तेच! पेट्रोलियम इंजिनिअर त्याच्या कितीतरी आधी असतो, जमिनीखाली. तेल खाली तळ्यासारखं साठलेलं नसतं, भिजलेल्या विटेत पाणी मुरलेलं असावं तसं ते खडकाच्या बारीक छिद्रांत असतं. ते किती आहे, खडकातून किती सहज वाहील, विहीर कुठे आणि कशी खणायची, दाब कमी झाला की पाणी किंवा गॅस कुठून सोडायचा, हे त्याचं काम. मुंबईजवळच्या समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्राचा शोध 1974 चा, 1976 पासून तिथून तेल येतंय, आणि आजही तिथे खडकात मागे राहिलेलं तेल कसं काढायचं हाच धंद्यातला खरा प्रश्न आहे. म्हणजे जिऑलॉजी, पेट्रोफिजिक्स (खडकाचे गुणधर्म मोजणं), ड्रिलिंग, रिझर्व्हॉयर सिम्युलेशन (तेल धरून ठेवलेल्या खडकात ते कसं वाहील याचं कॉम्प्युटरवरचं गणित). केमिकलच्या मुलाला फ्लुइड मेकॅनिक्स आणि थर्मोडायनॅमिक्सचा उपयोग होतो हे खरं, पण बऱ्याच अमेरिकन युनिव्हर्सिटी त्याला आधी जास्तीचे बेसिक कोर्स घ्यायला लावतात, त्याचा वेळ आणि पैसा वेगळा. आणि नोकरीत ऑफिस असतं तसंच समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर चौदा दिवस राहून बारा-बारा तासांची शिफ्टही असते.

हे क्षेत्र वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. भारत 85 टक्क्यांहून जास्त क्रूड आयात करतो, तेव्हा इथे चांगले इंजिनिअर लागणारच. सिम्युलेशन शिकलेला माणूस जिओथर्मल (जमिनीतल्या उष्णतेपासून ऊर्जा) किंवा जमिनीखाली कार्बन साठवण्याच्या कामातही जाऊ शकतो, नॉर्वेच्या समुद्रातल्या स्लाइप्नर गॅसक्षेत्रात 1996 पासून कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखाली सोडतायत. पण हा धंदा भावावर नाचतो. 2014 च्या मध्यात बॅरल 100 डॉलरच्या वर होतं, 2016 च्या जानेवारीत 30 च्या खाली आलं, आणि 20 एप्रिल 2020 ला अमेरिकेत तेलाचा वायद्याचा (पुढच्या तारखेच्या सौद्याचा) भाव चक्क शून्याच्या खाली गेला. अशा वेळी पहिली कपात नवीन भरतीत होते. त्यातून परदेशी मुलाला व्हिसा स्पॉन्सर करायला बऱ्याच कंपन्या नाही म्हणतात. मुलगा पास होईल तेव्हा भाव काय असेल हे कोणी सांगू शकत नाही, फ्लॅटवरचा हप्ता मात्र ठरलेला असेल. स्वतःला मनापासून आवड असलेला मुलगा एक वाईट वर्ष काढतो, ढकललेला नाही काढत.

म्हणून माझं मत, यंदा अ‍ॅप्लिकेशन नको. त्याला नोकरी करू दे, तो बरोबर बोलतोय. पुण्यातच एसएलबी (पूर्वीची श्लुम्बर्जर) आणि हॅलिबर्टन या तेलविहिरींची कामं करणाऱ्या कंपन्यांची टेक्नॉलॉजी सेंटर्स आहेत, एमआयटीत पेट्रोलियमचं डिपार्टमेंट आहे, तिथल्या चार जणांना त्याने स्वतः भेटावं, तुम्ही सोबत न जाता. प्रोसेस प्लांट आवडला तर केमिकलमध्येच राहील आणि ते उत्तम आहे. रिझर्व्हॉयर आवडलं तर एमटेकसाठीची गेट परीक्षा द्यावी, आयआयटी धनबाद आहे, उत्तर प्रदेशात जैसचं आरजीआयपीटी ही पेट्रोलियमचीच संस्था आहे, एमटेकला गेटवाल्यांना महिना 12,400 रुपये स्टायपेंड मिळतो, फ्लॅट तारण ठेवावा लागत नाही. त्यानंतरही परदेशी जावंसं वाटलं तर तेव्हा बघू, तेव्हा एसओपीत लिहायला त्याच्याकडे स्वतःचं काहीतरी असेल.

तो एसओपी डिलीट करा आणि डिलीट केला हे त्याला सांगा. मग त्याला सांगा, त्याने स्वतः मला मेल करावा, काय करायचंय ते लिहावं, "माहीत नाही" असं लिहिलं तरी चालेल. सीसीमध्ये तुम्ही नको, आणि त्याने काय लिहिलं हे मला विचारू नका, मी सांगणार नाही.