गाडी नालीत गेली, आता चावी हातात घ्यायची हिंमत होत नाही

“ताई, सगळ्या बाजारासमोर गाडी नालीत घातली जी मी. आता चावी हातात घेतली तरी हात थरथरतात. जाते का ही भीती?” चारचाकी नव्याने शिकलेली माणसं हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. भीती जाते. कशी, ते यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेच्या उदाहरणावरून पाहू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आठवडी बाजाराचा दिवस होता. तालुक्याच्या गावी बँकेसमोर दोन गाड्यांच्या मधल्या जागेत मॅडम गाडी मागे घेत होत्या. पानठेल्यावरून एक जण “येऊ द्या, येऊ द्या” म्हणत होता, दुसरा “डावीकडे कापा”, तिसरा डिक्कीवर थाप मारून “बस, बस”. मागचं डावं चाक उघड्या नालीत उतरलं. आठ-दहा जणांनी गाडी उचलून काढली, एका पोराने मोबाइलवर शूटिंग केलं. नुकसान म्हणाल तर बंपरवर एक ओरखडा. पण तेव्हापासून गाडी अंगणात ताडपत्रीखाली आणि मॅडम शाळेत एसटीने.

“लोकं काय म्हणून राहिले असतील?” हा त्यांचा एकच घोर. तरी आधी चाक का गेलं ते तपासलं, कारण “मला जमतच नाही” हे काही कारण नव्हे. डावा आरसा रस्त्यावर चालवताना असतो तसाच होता. त्यात मागची वाहनं दिसतात, चाकाजवळची जमीन दिसत नाही. बाहेरचा आरसा किंचित फुगीर असतो, त्यामुळे वस्तू आहे त्यापेक्षा लांब भासते. वर सांगणारे तिघं.

आणि बघे. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली मांडलं की हात बसलेलं काम लोकांसमोर अधिक सफाईने होतं, हात न बसलेलं मात्र बिघडतं. मॅडमचा रिव्हर्सवर हात बसायचाच होता. म्हणून क्रम ठरला: आधी एकटीने हात बसवायचा, मग एकेक बघा वाढवायचा. गाडी झाकून ठेवणं हा उपाय नाही. एसटीत बसलं की त्या दिवसापुरतं हायसं वाटतं, आणि मन शिकतं की टाळलं म्हणून वाचलो. भीती अशीच मुरते.

सराव रविवारी, शाळेच्या पटांगणात. तेलाच्या रिकाम्या डब्यांत रेती भरून त्यात तुराट्या उभ्या केल्या. जागा आधी दहा फूट रुंद, जमू लागल्यावर आठ फूट. साडेपाच फुटी गाडीला आठ फुटांत दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा फूट उरतो. बाजारात साधारण एवढंच मिळतं. नालीच्या जागी चुन्याची रेघ. डावा आरसा खाली झुकवायचा, मागचं चाक आणि त्याखालची जमीन दिसेपर्यंत. अ‍ॅक्सिलरेटरला पाय नाही, नुसता हाफ क्लच. रिव्हर्समध्ये स्टिअरिंग ज्या बाजूला, गाडीची शेपटी त्याच बाजूला जाते आणि तोंड उलट बाजूला फिरतं. पुढचा कोपरा घासतो तो या वेळी. वाकडी गेली तर पुढे घेऊन पुन्हा मागे. दोन-तीनदा पुढेमागे करणं ही चूक नव्हे.

सगळ्यात जास्त सराव हवा तो उतरून पाहण्याचा. कडा दिसत नसेल तर थांबायचं, हँडब्रेक लावायचा, उतरायचं, चाक नालीपासून किती वीत आहे ते डोळ्यांनी पाहून परत बसायचं. लाज नेमकी इथे आडवी येते, म्हणून मॅडमनी हे मोकळ्या पटांगणातही मुद्दाम केलं. मागून सांगणारा एकच, आणि तो उजव्या आरशात दिसला पाहिजे. दिसेनासा झाला की ब्रेक. बाकीच्यांना “भाऊ, एकानेच सांगा” एवढं म्हणता यायला हवं. तेही घरी मोठ्याने म्हणून घेतलं.

मग पायऱ्या, भीतीला दहापैकी गुण देऊन. एकटीने पटांगणात तीन, नवरा बाजूला उभा असताना पाच, बाजार नसलेल्या दिवशी बँकेसमोर सात, बाजाराच्या सकाळी नऊ गुण. प्रत्येक पायरीवर आकडा निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं. भीती चढलेली असताना निघून आलं तर ती पक्की होते. मॅडमची दुसरी पायरीच अडली. नवरा मधेच म्हणाला, “अवं, पाहून घे ना जरा!” आणि गाडी बंद पडली. नवऱ्याला बोलावून समजावलं: उभं राहायचं, बोलायचं नाही. हाक मारली तरच जायचं. घरच्यांचं हे गप्प राहणं फार मोलाचं असतं.

व्हिडिओबद्दल कोणी छेडलंच तर एक सरळ उत्तर ठरवून ठेवलं: “हो, माझीच गाडी. लोकांनी काढून दिली.” खुलासा नको, लपवणंही नको.

ऐन बाजाराच्या गर्दीत मॅडम आजही थोडं लांब, मोकळ्या जागेत गाडी लावतात. हे टाळणं नव्हे, कारण इतर दिवशी त्या बँकेसमोर लावतात. मात्र गाडीच काय, सभेत बोलणं, लग्नाच्या पंगतीत जाणंही लोकांच्या नजरेच्या धास्तीने सहा महिने किंवा जास्त सुटलं असेल, झोप उडाली असेल, तर नुसत्या सरावावर भागवू नये. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं, दिवसा किंवा रात्री केव्हाही.