वाचकांचे प्रश्न : फोनवरून फोनवर फाइल पाठवताना वेळ नेमका कुठे जातो?

प्रश्न (रामबाग, इंदूर) : अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचे व्हिडिओ भाच्याच्या फोनवरून घेतले. सगळे मिळून ८ जीबी. एका अ‍ॅपला ४० मिनिटं लागली, दुसऱ्याला ६. सर्वांत वेगवान अ‍ॅप कुठलं, ते एकदाचं सांगून टाका.

उत्तर : तुमच्याच आकड्यांवरून हिशेब करू. ८ जीबी म्हणजे ढोबळमानाने ८,००० एमबी. ४० मिनिटांचे २,४०० सेकंद, म्हणजे सेकंदाला ३.३ एमबी. दुसऱ्या अ‍ॅपचे सेकंदाला २२ एमबी. वाय-फायची ओळख असलेल्या माणसाला हे आकडे पाहताच पहिली शंका येईल ती अशी की पहिलं अ‍ॅप २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर (बँडवर) चाललं आणि दुसरं ५ वर.

२.४ वर साधारण फोनची जोडणी ७२ मेगाबिटची होते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून कागदावर ९ एमबी. त्यातलं जवळपास निम्मं पोचपावत्या, वाट पाहणं आणि हुकलेला भाग पुन्हा पाठवणं यात खर्च होतं. दाट वस्तीत आजूबाजूच्या घरांतले राउटरही त्याच पट्ट्यात गर्दी करतात. मग ३-४ एमबी मिळाले तरी पुष्कळ. ५ वर एकाच प्रवाहाचा (एका वेळी डेटाची एकच धार पाठवणारा) एसी वाय-फाय (८०२.११एसी, वाय-फायची पाचवी पिढी) फोन ४३३ मेगाबिटला जोडतो, दोन प्रवाहांचा ८६६ ला. प्रत्यक्षात २५-३० आणि ५०-६० एमबी हाती लागतात. ब्लूटूथ तर या शर्यतीतच नाही. सेकंदाला ०.२ एमबी धरले तरी तुमच्या ८ जीबीला अकरा तास लागले असते. थोडक्यात, वेग अ‍ॅपच्या नावापेक्षा जोडणीवर ठरतो.

तरीही अ‍ॅपची तुलना करायचीच असेल तर बाकी सगळं सारखं ठेवा. साधारण १ जीबीचा एकच व्हिडिओ घ्या आणि वेगळ्या फेरीसाठी ५०० फोटोंचं एक फोल्डर. दोन्ही फोन टेबलावर हातभर अंतरावर, कव्हर काढून. बॅटरी निम्म्याहून जास्त, बॅटरी सेव्हर बंद, ब्लूटूथ इअरफोन काढलेले (ब्लूटूथही २.४ वरच चालतं). फाइल मेमरी कार्डात न घेता फोनच्या अंतर्गत साठवणीत घ्या. प्रत्येक अ‍ॅप तीनदा चालवा आणि मधला आकडा धरा. दोन फेऱ्यांमध्ये पाच मिनिटं फोन निवू द्या. मग दिशा उलटी करून पुन्हा मोजा, कारण फोनचा वाचण्याचा वेग आणि लिहिण्याचा वेग सारखा नसतो.

घड्याळ ‘स्वीकारा’ दाबल्यावर सुरू करा आणि व्हिडिओ दुसऱ्या फोनवर उघडून चालला की थांबवा. अ‍ॅपच्या पडद्यावर पळणारा एमबीचा आकडा लिहून घेऊ नका. तो बहुधा क्षणाचा वेग दाखवतो, आणि ‘९९ टक्के’वर फाइल तपासण्यात, साठवणीत उतरवण्यात जाणारा वेळ त्यात येत नाही. जाहिरातींत मिरवतात तो हाच आकडा.

प्रश्न (लोकमान्य नगर, इंदूर) : दोन्ही फोन नवे, ५ गिगाहर्ट्झचे. तरी अँड्रॉइडचं क्विक शेअर कधी सुसाट, कधी रखडत. असं का?

उत्तर : क्विक शेअर (आधीचं निअरबाय शेअर, २०२४ मध्ये सॅमसंगच्या क्विक शेअरशी एकत्र येऊन हे नाव पडलं) समोरचा फोन ब्लूटूथवरून शोधतं आणि मग माल वाय-फायवर चढवतं. वाय-फाय बंद असेल तर ही चढण नीट होत नाही. ‘इंटरनेट नकोय ना’ म्हणून लोक वाय-फाय बंद करून बसतात, तिथेच फसतं.

दुसरी गोम बारीक आहे. बऱ्याच फोनमध्ये वाय-फायचा रेडिओ एका वेळी एकाच चॅनेलवर नीट काम करतो. फोन घरच्या २.४ च्या राउटरला जोडलेला असेल, तर दोन फोनमधली थेट जोडणीही त्याच चॅनेलवर ओढली जाते. उपाय साधा आहे : वाय-फाय चालू ठेवा, पण घरच्या नेटवर्कपासून तोडा, किंवा राउटरच्या ५ च्या नावाला जोडा. दोन्ही फोनवर हे करायला हवं, एकावर करून भागत नाही. ज्या अ‍ॅपमध्ये एक फोन हॉटस्पॉट होतो, तिथे हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड ५ गिगाहर्ट्झ निवडा. खात्री करायची तर जोडलेल्या दुसऱ्या फोनवर त्या नेटवर्कचा तपशील उघडा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर तिथे वारंवारता आणि लिंक स्पीड दोन्ही दिसतात. लिंक स्पीड ७२ दिसला तर पाठवायला सुरुवातच करू नका.

प्रश्न (सुदामा नगर, इंदूर) : घरी ३०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. दोन्ही फोन त्याच वाय-फायवर असताना लोकलसेंडने (एकाच वाय-फायवरच्या यंत्रांत फाइल पाठवणारं अ‍ॅप) मात्र सेकंदाला १२ एमबी मिळतात. प्लॅन वाढवू का?

उत्तर : नको, पैसे वाया जातील. फाइल इंटरनेटवर जातच नाही. ती पहिल्या फोनवरून राउटरला आणि राउटरवरून दुसऱ्या फोनला जाते, म्हणजे तीच फाइल त्याच हवेतून दोनदा. थेट जोडणीत जे २५ मिळाले असते त्याचे १२ होणार, हे ठरलेलंच. एक टोक तारेने राउटरला जोडलेला संगणक असेल तर हा तोटा टळतो. दोन्ही फोनच असतील तर एकाचा हॉटस्पॉट चालू करून दुसरा त्याला जोडा. लोकलसेंड त्यावरही चालतं. पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर फोन एकमेकांना दिसतच नसतील तर अ‍ॅपला दोष देऊ नका. राउटर तिथल्या यंत्रांना मुद्दाम एकमेकांपासून दूर ठेवतो.

प्रश्न : लग्नाचे ४,००० फोटो, एकूण १२ जीबी. तेवढ्याच आकाराच्या एका व्हिडिओपेक्षा फोटोंना जवळपास दुप्पट वेळ का?

उत्तर : प्रत्येक फाइलमागे नाव कळवणं, जागा उघडणं, बंद करणं, गॅलरीत नोंदवणं आलंच. फाइलमागे सेकंदाचा दहावा भाग जरी धरला तरी ४,००० फाइलींचे ४०० सेकंद. २५ एमबीच्या वेगाने १२ जीबीला मुळात ४८० सेकंद लागतात, म्हणजे वेळ दुप्पट व्हायला एवढं पुरेसं आहे. सगळ्याची एक झिप करून पाठवली की ही रखडपट्टी कमी होते. फोटोंच्या जेपीईजी फाइली आधीच दाबून लहान केलेल्या असतात, म्हणून झिपने आकार घटणार नाही. दाबण्याची पातळी शून्यावर ठेवता आली तर ठेवा, नाहीतर वेळ आणि बॅटरी उगाच जाते. दोन्ही फोनवर जास्तीची १२ जीबी जागा लागते, आणि बांधण्या-सोडण्याचा वेळही हिशेबात धरा. शंभरेक फोटोंसाठी हा खटाटोप करू नका. झिप मेमरी कार्डावर घ्यायची असेल तर कार्ड फॅट३२ (फाइली साठवण्याची जुनी रचना) मध्ये नाही ना, ते पाहा. तिथे एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही आणि प्रत मध्येच तुटते.

प्रश्न : जुनं शेअरइट एका मित्राकडे एपीके (अ‍ॅप बसवण्याची सुटी फाइल) रूपात आहे. घेऊ का?

उत्तर : नाही. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने ज्या ५९ अ‍ॅपवर बंदी घातली त्यांत शेअरइट आणि झेंडर दोन्ही होती. हातोहात फिरलेल्या एपीकेत आणखी काय भरलंय, हे तुम्हाला किंवा मित्राला कळायचा मार्ग नाही.

प्रश्न : जेल रोडवरून चांगली टाइप-सी केबल आणली. तरी संगणकावर ३५ एमबीच्या वर जात नाही.

उत्तर : टाइप-सी हा तोंडाचा आकार झाला, वेग नव्हे. आतली जोडणी यूएसबी २.० असेल तर ४८० मेगाबिट, म्हणजे कागदावर ६० आणि हाती ३०-४० एमबी. तुमचा आकडा बरोबर तिथलाच आहे. स्वस्त आणि मधल्या किमतीच्या पुष्कळ फोनचं पोर्टच २.० असतं, तिथे केबल बदलून उपयोग नाही. आयफोन १५ चंही तसंच. १५ प्रो १० गिगाबिटपर्यंत जातो, पण डब्यातली केबल २.० चीच, वेगवान केबल वेगळी घ्यावी लागते. खरेदीआधी फोनच्या माहितीपत्रकात पोर्टसमोर काय लिहिलंय ते वाचा.

प्रश्न : सुरुवातीला ४५ एमबी, चार-पाच जीबीनंतर १५. अ‍ॅप बिघडलं का?

उत्तर : मोठी फाइल लिहिताना साठवणीतला वेगवान राखीव भाग भरतो आणि पुढचं लेखन मूळ, संथ वेगाने होतं. साठवण जवळपास भरलेली असेल तर हे लवकर घडतं, म्हणून १५-२० टक्के मोकळी ठेवा. दुसरं कारण उष्णता. इंदूरच्या मे महिन्यात दुपारी, वर चार्जिंगलाही लावलेला फोन स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. कार्डावर घेत असाल तर कार्डावरचं चिन्ह पाहा : क्लास १० म्हणजे किमान १० एमबी लेखन, व्ही३० म्हणजे ३०.

प्रश्न : आयफोनवरून अँड्रॉइडवर पाठवताना निम्म्यात थांबतं.

उत्तर : लोकलसेंड वापरत असाल तर आयफोनवर ते पडद्यासमोर उघडं ठेवा, मागे गेलेलं अ‍ॅप आयओएस थोड्याच वेळात थांबवते. ऑटो-लॉक तेवढ्यापुरतं ‘कधीच नाही’ करा. हॉटस्पॉट आयफोनचा असेल आणि तो १२ किंवा त्यापुढचा असेल, तर पर्सनल हॉटस्पॉटमधलं ‘मॅक्झिमाइझ कॉम्पॅटिबिलिटी’ बंद आहे का ते पाहा. ते चालू असलं की हॉटस्पॉट २.४ वर उतरतो.