चेर्नोबिल रायोन आज अस्तित्वात आहे का? 1986 च्या अणुअपघाताआधी तिथे किती लोक राहत होते?

नाही, युक्रेनमधला चेर्नोबिल रायोन 1988 मध्येच रद्द झाला आणि त्याचा भाग शेजारच्या इवान्किव रायोनला जोडला गेला. 2020 च्या फेररचनेत इवान्किवही विश्होरोद रायोनमध्ये विलीन झाला. रायोन म्हणजे साधारण आपला तालुका. चेर्नोबिल रायोन 1923 मध्ये सोव्हिएत राजवटीत आखला गेला. चेर्नोबिल गाव मात्र कितीतरी जुनं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथले निम्म्याहून जास्त रहिवासी ज्यू होते, दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ती वस्तीच संपवली.

लोकसंख्या मोजताना एक चूक सर्रास होते, ती टाळा. अणुकेंद्राची वसाहत प्रिप्यात (सुमारे 49 हजार) थेट कीव्ह प्रांताच्या अखत्यारीत होती, ती रायोनमध्ये धरू नये. खुद्द चेर्नोबिल गावात जेमतेम 14 हजार लोक होते, बाकीची वस्ती खेड्यांत विखुरलेली. 1986 मध्ये हलवलेल्या 1 लाख 16 हजार लोकांचा आकडाही रायोनचा नव्हे, त्यात प्रिप्यात आणि बेलारूसमधली गावंही येतात.

अपघातानंतर 27 एप्रिलला प्रिप्यातकरांना कागदपत्रं, गरजेचं सामान आणि थोडं खाणं घेऊन बसमध्ये बसायला सांगितलं, तेही तात्पुरतं म्हणून. रायोनमधली गावं त्यानंतर मे महिन्यात रिकामी झाली. माणसंच उरली नाहीत, म्हणून रायोन गेला. तरी तो पूर्ण ओस पडला असं म्हणू नका: कुपुवातेसारख्या खेड्यांत काही म्हातारी माणसं मनाई असूनही आपल्या घरी परतली आणि तिथेच राहिली.