१२ व्होल्टच्या एकाच सप्लायवर माईकचा बारीक सिग्नल वाढवणारा ऑप-अँप (अँप्लिफायर आयसी) प्रीअँप चालेल का?
चालतोय की भावा, मायनस सप्लाय नाही म्हणून अडायचं काय कारण नाही, फक्त मधला ६ व्होल्टचा पॉइंट तयार कर. प्लस आणि ग्राउंडमध्ये दोन १०० के (किलोओहम) रेझिस्टर सिरीजला, मधून ग्राउंडला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. बरेचजण इथंच गंडतात, तो पॉइंट डायरेक्ट ऑप-अँपच्या प्लस इनपुटला जोडतात आणि मग माईकचा सगळा सिग्नल त्याच कपॅसिटरमधनं ग्राउंडला जातोय, म्हणून मध्ये अजून एक १०० के टाकायचाच. इनपुट-आउटपुटला कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त सिग्नल सोडणारे) पाहिजेतच, आणि गेनचा (सिग्नल किती पट वाढवायचा ते ठरवणारा) जो रेझिस्टर ग्राउंडला जातोय त्याच्या सिरीजलाबी एक, नाहीतर ते ६ व्होल्टपण गेननं वाढून आउटपुट वरच्या टोकाला, सप्लायजवळ चिकटून बसतंय. एलएम३५८ हा ऑप-अँप आपल्या कोल्हापुरात सहज मिळतोय, पण त्याचं आउटपुट सप्लायच्या साधारण दीड व्होल्ट खालीच थांबतंय, तेवढं धरून गेन ठेव.